बसून जाईल, भाऊ!

सॉरी पप्पा, हा कबुलीजबाब आहे.

आमच्या जळगावच्या घरी यामाहा आरएक्स १०० आहे, पप्पांनी १९९४ मध्ये घेतलेली. १९९६ मध्ये ही गाडी बनणंच बंद झालं, त्यामुळे घरात तिचा मान थोरल्या लेकीचा. आवाज सॉलिड, पिकअप भन्नाट. पण मागचं चाक? तारांचं, १८ इंची, अगदीच काडीपैलवान! गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी गेलो, पप्पा गावाला गेलेले. म्हटलं, हिचा मेकओव्हर करूनच टाकू.

एका गॅरेजात पल्सरचं १७ इंची अलॉय व्हील मिळालं. "बसून जाईल, भाऊ," मेकॅनिक म्हणाला. दोन तासांत बसलंही. फोटो काढले, मित्रांना पाठवले. एकदम कूल!

दुसऱ्या दिवशी आईला मागे बसवून मावशीकडे धुळ्याला निघालो. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. एरंडोलपर्यंत मी हवेत होतो. मग चेनची खरखर सुरू झाली. पारोळ्याच्या अलीकडे पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मीही मारला आणि खाडकन चेन उतरली. गाडी डुलत डुलत कडेला थांबली. आई काही बोलली नाही. माझा शर्ट मात्र तिने मुठीत घट्ट धरला होता.

टेम्पोत गाडी टाकून धुळं गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी एक नजर टाकली. "हाई चाक या गाडीनं नही शे."

मग त्यांनी दाखवलं. इंजिनाचं पुढचं स्प्रॉकेट आणि चाकाचं मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं. माझ्या गाडीत एक्सलवर नीट मापाचा बुश नव्हता, नुसते वॉशर कोंबले होते. चेन तिरकी चालत होती. खरी भीती तर पुढेच होती. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती एका पट्टीने चिमट्याला बांधलेली असते. या चाकाला ती पट्टी जुळत नव्हती, म्हणून कशीबशी एका बारक्या बोल्टवर अडकवलेली. ब्रेक मारताना तो तुटला असता, तर प्लेट फिरून चाक जाम!

"लेथवर बुश काढून सगळं जुळवता येईल," ते म्हणाले. मग आईकडे बघून विचारलं, "मायले यावर बसाडशी का?"

मी नाही म्हणालो. आई एसटीने परत आली, मी गाडीबरोबर टेम्पोतून. जुनं चाक पुन्हा चढलं.

तेव्हा मंडळी, तुम्हालाही हा किडा चावला असेल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. चेनची लाइन कशी जुळवणार? बुश कुठला घालणार? ब्रेकची पट्टी कुठे बांधणार? आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल केला, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येऊ शकतं, ते वेगळंच.

पप्पा परतले, गाडीभोवती एक चक्कर मारली. "चेन कोणी ताणली रे?"

मी गप्प. आई किचनमधूनच म्हणाली, "त्याने गाडी पुसली, दुसरं काही नाही."