कात

‘सर, तुम्ही तर कात टाकलीत!’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियेने माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकण्यात आला आणि पुढच्या एकोणीस महिन्यांत माझे वजन 146 किलोंवरून 82 किलोंवर आले. स्टाफरूममध्ये ज्याला पाठीमागे (आणि पुष्कळदा तोंडावरही) गुंड्याभाऊ म्हणत, त्या मराठीच्या प्राध्यापकाचा महाविद्यालयाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्या भाषणातही कात आलीच. मी व्यासपीठावर बसून हसत होतो, आणि पँटच्या आत घडी घालून कोंबलेली पोटाची कातडी घामाने ओली होऊन चुरचुरत होती.

वाक्प्रचाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो सापावरून आला आहे आणि सापापुरता खरा आहे. साप कात टाकतो तेव्हा खालचे नवे कातडे आधीच तयार झालेले असते, जुने तो दगडाकाट्याला घासून स्वतःच उतरवतो. माणसाच्या त्वचेला ही सोय नाही. चरबी ओसरते, पण तिला वीस-पंचवीस वर्षे सामावून घेण्यासाठी ताणली गेलेली त्वचा मागे येत नाही. तिच्यातील लवचीक तंतू तुटलेले असतात, आणि व्यायाम, तेल, मालिश यांपैकी कशानेही ते पुन्हा जुळत नाहीत. माझ्या पोटावर ती एखाद्या ओल्या झोळीसारखी मांड्यांपर्यंत लोंबत असे. पावसाळ्यात घडीच्या आत चट्टे उठत, त्यांना वास येई. मी दिवसातून दोनदा पावडर लावी आणि बायकोसमोर सदरा काढणे टाळी. 146 किलोंचा होतो तेव्हा मला शरीराची अडचण होती, पण लाज नव्हती. लठ्ठ माणसाला निदान लपवण्यासारखे काही नसते. लाज वाटू लागली ती बारीक झाल्यावर.

वजन वर्षभराहून अधिक काळ होते, पण ते स्थिरावल्यानंतरही काही महिने थांबावे लागते. त्यामुळे ही कातडी काढण्याची शस्त्रक्रिया 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ठरली. तिचा खर्च मिळावा म्हणून मी विमा कंपनीला पत्र लिहिले होते. उत्तरात एकच शब्द महत्त्वाचा होता: ‘सौंदर्यवर्धक’. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल तर विमा लागू होतो, एरवी सहसा नाही, असा नियम असतो आणि तो बहुतेक पॉलिसींत सारखाच असतो. नियमाशी मला भांडायचे नव्हते. पण भाषेचा मास्तर म्हणून त्या शब्दापाशी मी अडखळलो. पुण्याजवळच्या, वीटभट्टीचे काम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक नव्याने घडवल्याची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली होती. हा कावसजी इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक कापले होते. कारागिराने आधी मेणाचे नाक करून पाहिले, त्याच्या मापाने कपाळावरची त्वचा सोडवली आणि ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी पुढे हीच रीत उचलली. नाकाशिवायही माणूस जगतो. मग कावसजीची गरज सौंदर्याची होती का? या प्रश्नाचे उत्तर मला विमा कंपनीकडून नको होते, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे असे अजून वाटते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जनने मला उभे करून जांभळ्या मार्करने अंगावर रेघा ओढल्या. आडवे झाल्यावर कातडी पसरते, ती खरी किती आहे हे उभ्यानेच कळते. पोटावरून, कंबरेवरून, दोन्ही कुशींतून त्या रेघा जात होत्या. मध्ये बाण, फुल्या, आकडे. मी वर्षानुवर्षे एम.ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय शिकवतो. देह म्हणजे क्षेत्र, ही कल्पना समजावताना शेताचे उदाहरण देतो. त्या दिवशी मोजणीदार प्रत्यक्षच आला होता, आणि शेताने मुकाट्याने उभे राहायचे होते. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा प्रसिद्ध दृष्टान्तही तेव्हा आठवला. मी मात्र वस्त्र बदलत नव्हतो, शिंप्याकडे नेऊन आवळून घेत होतो.

साडेचार तास लागले. काढलेली कातडी आणि तिच्याखालचा थर मिळून 4 किलो 300 ग्रॅम भरला.

त्यानंतरचे दिवस वाकून गेले. पोटावरची त्वचा खेचून एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत शिवलेली असते. सरळ उभे राहिले तर टाक्यांवर ताण येतो. म्हणून पाठीखाली उशा आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन झोपायचे, चालायचे ते कमरेत वाकून. आणि चालायचे मात्र पहिल्या दिवसापासून, नाहीतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती. दोन बाजूंनी दोन नळ्या बाहेर आल्या होत्या, त्यांच्या टोकांना रबरी फुगे. त्यांत साचणारे लालसर पाणी दिवसातून दोनदा मोजून ओतायचे. चोवीस तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आले की नळी निघणार. हा हिशेब बायकोने दुधाच्या वहीत मागच्या पानांपासून लिहायला घेतला. डावी 110, उजवी 85. डावी 70, उजवी 60. वही दोन्ही बाजूंनी भरत गेली. उजवी नळी नवव्या दिवशी निघाली, डावी तेराव्या दिवशी. ज्या अंगाची मी तिच्यापासून लपवाछपवी केली होती ते आता रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे उघडे होते आणि तिचे लक्ष फक्त आकड्यांकडे होते. ‘अहो, हलू नका, सांडेल,’ एवढेच ती म्हणे. यापेक्षा मोठा दिलासा मला त्या महिन्यात कुणी दिला नाही.

सोळाव्या दिवशी जखम मध्यभागी दोन बोटे उसवली. ताण तिथेच सर्वाधिक असतो, असे होते, घाबरू नका, असे सांगण्यात आले. मी घाबरलो. पाच आठवडे रोज ड्रेसिंग चालले. तेवढे दिवस कॉलेज नाही, वाचन नाही. वाचायला घेतलेले पुस्तक छातीवर पालथे पडून राही.

या काळात आई गावाहून येऊन राहिली होती. तिचे वय 78. पोटाला आवळून बसवलेला तो रुंद पट्टा पाहून ती पहिल्या दिवशी हसली. ‘बाळंतिणीसारखं पोट बांधलंय की रे तुझं!’ मग तिने सांगितले, तुम्हा चौघांच्या वेळी मी जुन्या लुगड्याने बांधायची, चाळीस दिवस. थोडे थांबून, मी काही विचारले नसताना, म्हणाली, ‘माझंही कातडं असंच लोंबतं. पन्नास वर्षं झाली.’ आणि भाजी निवडू लागली.

मी त्यावर काय बोलणार? चार बाळंतपणांनी सैल झालेल्या त्या त्वचेला कुणी अडचण म्हटले नव्हते, तिचा कुणी सत्कार केला नव्हता, तिच्यासाठी कुणी विमा कंपनीला पत्र लिहिले नव्हते. आमच्या साहित्यात आईच्या पदरावर, हातांवर, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या पोटाच्या कातडीवर लिहिलेले मला तरी चटकन आठवत नाही. तिला उद्देशून आपण एकच म्हणतो, आपल्या कातड्याचे जोडे करून तिच्या पायांत घातले तरी ऋण फिटणार नाही. माझी सव्वाचार किलो कातडी तर रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीतून गेली होती. मानवी अवयवांचा कचरा त्याच रंगाच्या पिशवीत घालतात आणि जाळतात. हे मी आईला सांगितले तेव्हा तिने विचार केला. ‘जाळलं ना? मग बरं. पुरलं असतं तर कुत्र्यांनी उकरलं असतं.’ आणि मग, अगदी गंभीरपणे: ‘आंघोळ करायची असते का रे त्याची?’ मी हसलो तर टाके दुखले.

एक गोष्ट मला त्या दिवसांत प्रथमच लक्षात आली. डॉक्टर ‘स्किन’ म्हणत होते, मी ‘त्वचा’ म्हणत होतो, आणि आई ‘कातडं’. त्वचा हा शब्द आपण स्वतःसाठी राखून ठेवतो; कातडे जनावराचे असते, आणि त्याच्याशी संबंध येणाऱ्या माणसांना आपल्या समाजाने गावाबाहेर ठेवले. माझ्या अंगावर होती तोवर ती त्वचा होती. पिशवीत गेल्यावर तिला मीही मनातल्या मनात कातडे म्हणू लागलो होतो. या निबंधातसुद्धा माझी लेखणी या शब्दांमध्ये सारखी घसरली आहे. ती सरळ करावी असे मला वाटले नाही.

पोटाच्या खालच्या भागाची संवेदना गेलेली आहे. नसा कापल्या जातात. काही महिन्यांनी थोडी परत येते, काही भाग कायमचा बधिर राहू शकतो. पूर्वी बेंबीच्या वर असलेली त्वचा आता खाली ओढली गेली आहे, म्हणून कधीकधी खाली बोट लावले की वर लागल्यासारखे वाटते. कपाळाच्या त्वचेपासून केलेल्या नाकाला हात लावला की सुरुवातीला कपाळालाच लागल्यासारखे वाटते म्हणतात. कावसजीलाही तसे वाटले असेल का कोण जाणे. बेंबी मात्र जागची हलत नाही. तिला देठासकट तिथेच ठेवतात, आणि वरून ओढून आणलेल्या त्वचेला नवे भोक पाडून त्यातून ती बाहेर काढतात.

मार्चमध्ये, जखम पूर्ण भरून आल्यावर, एका रात्री पोटात गुबारा धरला. आई अजून होतीच. तिने वाटीत हिंग कालवला, सदरा वर करायला सांगितले आणि लहानपणी लावायची तसा बेंबीभोवती बोटाने फिरवत लावू लागली. तिचे बोट मला दिसत होते. खालच्या अर्ध्या वर्तुळात ते कळत नव्हते, वरच्या अर्ध्यात ओले आणि गार लागत होते. नव्या भोकाच्या कडेला आलेला लाल व्रण तिने बारकाईने न्याहाळला.

‘बेंबी तीच आहे ना रे?’

‘तीच आहे.’

‘मग उतरेल गुबारा,’ ती म्हणाली, आणि हात धुवायला मोरीकडे गेली.