जाऊन येते

वाचकहो, नोकरीच्या निमित्ताने आपला प्रांत सोडून परक्या भाषेच्या माणसांत बिऱ्हाड थाटण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला असेल. सामान कसे बांधावे हे सांगणारे अशा वेळी चारजण भेटतात. तेथे गेल्यावर राहावे कसे, हे सांगणारे क्वचितच. म्हणून माझा अनुभव आपणांपुढे ठेवते.

१९८४ साली यजमानांची बदली झाली आणि पुण्याचे घर आवरून आम्ही मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळाजवळ, राहावयास आलो. तेव्हा हे शहर मद्रास होते; १९९६ साली त्याचे चेन्नई झाले. मराठी माणूस या भूमीला नवा नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या घराण्याची गादी तंजावरास १८५५ पर्यंत होती. त्या काळी दक्षिणेत आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही या शहरात आहेत. बाहेर ते अस्खलित तमिळ बोलतात आणि घरात जुन्या वळणाची मराठी. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या राहून जे साधले, ते मला चार महिन्यांत साधेल अशा भ्रमात मी होते.

पहिला धक्का भाजीवालीने दिला. तमिळमध्ये 'कोडु' म्हणजे 'दे'. पण त्यातला 'ओ' ऱ्हस्व आहे. तोच लांबवला की शब्दाचा अर्थ होतो 'रेघ'. आपल्या मराठी कानाला ऱ्हस्व 'ओ' ठाऊकच नाही. मी रोज तिच्याकडे टोपली पुढे करून रेघ मागत असे, आणि ती हसत हसत वांगी देत असे. मला मात्र ते हसणे बोचे. हळूहळू मी बोलणेच सोडले; खुणांवर काम भागू लागले. तमिळचे एकच वाक्य मला नीट येत होते: 'पोयिट्टु वरेन्', म्हणजे 'जाऊन येते'. आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. म्हणून ते चटकन जिभेवर बसले होते.

आमच्या शेजारी एक वृद्ध दांपत्य राहत असे. सारी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणे. मार्गळी महिन्यात पहाटे मामी तांदळाच्या पिठाने दारात कोलम काढीत. आपण रांगोळीचे ठिपके रेघांनी जोडतो. मामींची रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवती वळसे घेत निघाल्या जागी परत येई. मी पाहत उभी राही. त्या काही विचारीत. मी हसून मान हलवी. दोन वर्षे आमचा शेजार असा मुका होता.

एके दिवशी मामा अकस्मात वारले. मी मामींजवळ जाऊन बसले. सांत्वनाचा एक शब्द मजपाशी नव्हता. बराच वेळ तशीच बसले, आणि उठताना सवयीने तोंडून गेले, 'पोयिट्टु वरेन्'. खोलीतल्या बायका स्तब्ध झाल्या. शोकाच्या घरून निघताना 'येते' म्हणू नये, न बोलता निघावे, हा रिवाज तेथेही आहे आणि आपल्याकडेही. आपल्या भाषेत ही चूक माझ्या हातून कधीच झाली नसती. लाजेने मी जागच्या जागी उभी राहिले. तेव्हा मामींनी मान वर केली आणि त्या क्षीण स्वरात म्हणाल्या, 'वाम्मा.' म्हणजे, 'ये, बाई.'

येते म्हटले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. ते दिवस सरल्यावर मामींनी नातवाची पाटी काढली आणि मला अक्षरे गिरवावयास लावली. दुपारचा तो एक तास त्यांनाही हवा होता, मलाही.

मरिना किनाऱ्यावर एका इटालियन धर्मोपदेशकाचा पुतळा आहे. १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी तो उभारला गेला. या गृहस्थाचे नाव कोन्स्तान्त्सो बेस्की. जन्म १६८०, मृत्यू १७४७. तमिळ लोक त्यांना 'वीरमामुनिवर' म्हणतात. त्यांनी तमिळमध्ये महाकाव्य लिहिले, कोश रचला. जुन्या ताडपत्रांवर ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' यांचा भेद केवळ एका टिंबाने दाखवावयाचा, आणि ते टिंबही पुष्कळदा गळून जाई. बेस्कींनी त्यांना निरनिराळी रूपे दिली, असे मानतात. ज्या 'ओ'ने मला गप्प केले, त्याच्याकडे त्या परदेशी माणसाने केवढे लक्ष दिले होते! आपल्याकडेही १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने १६१६ मध्ये मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले. परक्या भाषेत चुकण्याची त्यांनाही लाज वाटली असेलच. पण त्या लाजेने ते गप्प बसले नाहीत.

मामी आता नाहीत. माझे तमिळ अजूनही सदोष आहे. भाजीवालीची सून आता भाजी विकते. माझा 'ओ' लांबला की तीही हसते, आणि मीही हसते. वाचकहो, परक्या गावी गेलात तर चुकावयास भिऊ नका, आणि 'येते' म्हणालात तर खरोखरच पुन्हा जा.