आधी दिशा की आधी वेग?

माझ्या मुलाने स्टॉकहोममधली चांगली नोकरी सोडली आणि एका बेकरीत पहाटेचे काम धरले. तेव्हापासून माझ्या तोंडी एकच वाक्य होते, ‘अरे, आधी दिशा ठरव, मग पाऊल टाक!’ फोनवर ते मी इतक्यांदा ऐकवले, की उन्हाळ्यात त्याच्या घरी गेलो तो ते समोरासमोर ऐकवायलाच.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मित्राची शिडाची होडी घेऊन त्याने मला मेलारेन सरोवरात नेले आणि सुकाणू माझ्या हाती दिले. तासभर मी मोठ्या ऐटीत नाखवा झालो. मग वारा पडला. होडीचे तोंड खडकाकडे होते. मी सुकाणूचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला, होडी ढिम्म!

“बाबा, स्टीरफार्ट नाही,” मुलगा म्हणाला आणि वल्ही काढून त्याने चार-पाच वेळा वल्हवले. होडी सरकली आणि त्याच सुकाणूने निमूटपणे वळली.

परतताना मी त्या शब्दाची चौकशी केली. ‘स्टीरा’ म्हणजे सुकाणू धरणे. हा शब्द तिकडचा जुना. जहाजाची उजवी बाजू ती ‘स्टीरबूर्ड’, कारण पूर्वी सुकाणूचे वल्हे त्या बाजूला असे. ‘फार्ट’ मात्र पाहुणा. मध्ययुगात हान्सा व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीची बोली स्वीडनच्या बंदरांत उतरली, तिच्यातून तो आला. त्याचा मूळ अर्थ प्रवास. पुढे झाला वेग. दोन्ही मिळून अर्थ निघाला, सुकाणू लागू पडण्यापुरता वेग. पात्यावरून पाणी वाहिले तरच सुकाणू होडी वळवते. म्हणून प्रवाहाबरोबर नुसत्या वाहणाऱ्या होडीलाही स्टीरफार्ट नसतो. काठावरून ती धावताना दिसते. पण भोवतीचे पाणीही तितक्याच वेगाने धावत असते!

हे ऐकले आणि मी गप्प झालो. एका कचेरीत मी ३५ वर्षे काढली. कचेरी पुढे जात होती, बढत्या वेळेवर मिळत होत्या आणि मी समजत होतो, आपण दिशा ठरवून चाललो आहोत. खरे म्हणजे सुकाणूला मी कधी हातच लावला नव्हता. मुलाने निदान वल्ही तरी हाती घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला तो बेकरीत जायला निघाला, तेव्हा मी उठून त्याला चहा करून दिला. दिशेचे काही विचारले नाही.