चाळीतली गोधडी आणि मशीनचा टाका

दादर पूर्वेला उतरून हिंदमाताकडे चालू लागलं की साड्यांची दुकानं सुरू होतात. नव्या साडीसाठी आपल्या आयाबहिणी इथे येतात. पण जुन्या साडीचं पुढे काय होतं हे पाहायचं असेल, तर तसंच पुढे नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत शिरावं लागतं. तिथे पेटीच्या तळाशी, नाहीतर पलंगावरच्या घडीत गोधडी सापडते. कोणी तिला वाकळ म्हणतं. नाव काहीही असो, घरातल्या माणसांचे जुने कपडेच तिच्यात असतात.

१८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे या भागाचं गिरणगाव झालं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, ती अंथरूण-पांघरूण घेऊनच. साऱ्या देशाला कापड पुरवणाऱ्या या वस्तीत रात्री अंगावर मात्र जुन्या लुगड्यांची गोधडी असायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले तेव्हा कितीतरी खोल्यांत कोपऱ्यातल्या शिलाई मशीनने चूल पेटती ठेवली. फॉल लावणं, ब्लाउज शिवणं, आल्टरचं काम करणं, आणि सवड मिळाली की गोधडी.

नायगावच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची. सहा फूट बाय चार फुटांची एक गोधडी पसरली की २४ चौरस फूट जागा गेली. कपाट, पलंग, मोरी वजा केली तर उरतं काय? म्हणून दुपारी, पुरुषमाणसं कामावर आणि मुलं शाळेत गेली की, मधल्या लांब पॅसेजमध्ये गोधडी पसरायची. शेजारची मावशी एक टोक धरते, समोरची ताई दुसरं. एकटीचं हे काम नव्हेच.

हाताने गोधडी भरायला महिनोन्‌महिने लागतात. बऱ्याच जणी कडेपासून धावदोरा घालत आत मध्यापर्यंत येतात. मशीनवर मात्र उलटं करावं लागतं. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, म्हणजे साचलेली चुणी बाहेर निघून जाते. वरचे तुकडे हातानेच जोडावेत. मग खाली अस्तर, मध्ये मऊ जुन्या सुती साडीचे दोन थर आणि वर तुकड्यांचा भाग अशी मांडणी करून वीतवीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालावेत. कंटाळा करून ही पायरी गाळली की थर सरकतात आणि शेवटी एक कोपरा दुसऱ्याला जुळत नाही.

घरच्या मशीनच्या हाताखाली जागा वीतभरच. म्हणून गोधडीची दोन्ही बाजूंनी गुंडाळी करायची, मधला पट्टाच उघडा ठेवायचा. सुई १६ नंबरची, टाका लांब, आणि कापड दाबणाऱ्या पायाचा दाब थोडा सैल. उरलेलं वजन शेजारच्या खुर्चीवर नाहीतर स्टुलावर टेकवावं. ते खाली लोंबलं की कापड ओढलं जातं आणि सुई मोडते. थर फार जाड असतील तर पॅडल न मारता चाक हाताने फिरवून तेवढे टाके काढावेत.

जुन्या बायका म्हणतात, मशीनची गोधडी अंगाला लागत नाही. त्यात तथ्य आहे. मशीनचा टाका दोन दोऱ्यांची गाठ घालत जातो. ओळी जवळजवळ घेतल्या की गोधडी ताठ होते. चार बोटांचं अंतर ठेवलं तर मऊपणा राहतो आणि रोजच्या धुण्यालाही ती टिकते. तान्ह्या बाळाची दुपटी हातानेच भरावी, रोजच्या वापराची मोठी गोधडी मशीनवर शिवावी, हा मार्ग बरा. विकण्यासाठी शिवत असाल तर एक ध्यानात ठेवा. कापड जुनं असलं तरी मेहनत नवी असते, आणि तिचे तास मोजूनच दर सांगावा.

ठिगळांच्या वस्त्राला कमी लेखायचं कारण नाही. मगधातली बांध घातलेली भातशेती पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच तुकड्यांचं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकातल्या महावग्गात आहे. भिक्खूंचं चीवर आजही तुकडे जोडूनच शिवतात.

आता चाळी जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काचं मोठं घर आणि घरातच संडास ही फार मोठी गोष्ट आहे. पण सामान बांधताना "हे जुनं कशाला?" म्हणत आधी गोधडीच बाहेर पडते. तिच्यात आजीचं लुगडं असतं, गिरणीत राबलेल्या आजोबांचा सदरा असतो. आपल्या माणसांचे फोटो फारसे निघाले नाहीत, पण कपडे राहिले. विरलेली गोधडी टाकू नका. नवं अस्तर लावून मशीनवर चार ओळी मारा, आणि कोणता तुकडा कोणाचा ते मुलांना जवळ बसवून सांगा. नव्या घरात तो लांब पॅसेज नसेल, पण ती पसरायला जमीन आता पुरेशी आहे. टोक धरायला शेजारणीला तेवढी हाक मारा.