कुलवृत्तांताचें नवें बिऱ्हाड

ज्या वस्तूची हालचाल डोळ्यांना दिसत नाहीं, तिच्या वार्धक्याकडे घरांतील माणसांचें सहसा लक्ष जात नाहीं. बिजागरी कुरकुरूं लागली म्हणजे तिला तेल मिळतें. भिंतीवरचें घड्याळ मागें पडलें कीं तें घड्याळजीकडे जातें. परंतु लॅपटॉपच्या पोटांतील हार्ड डिस्क वर्षानुवर्षें मुकाट्यानें फिरत असते, आणि तिच्यावर घराचें काय काय विसंबून आहे याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं.

आमच्या दहिसरच्या घरीं काका निवृत्तीनंतर कुलवृत्तांताच्या मागें लागले. कोंकणांतील मूळ गांवापासून सांगली, इंदूर, बडोद्यापर्यंत पसरलेल्या शाखांच्या वंशावळी, जुन्या पत्रांचीं छायाचित्रें आणि चार वृद्ध आत्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या हकीकती, असें त्यांचें अकरा वर्षांचें धन एकाच लॅपटॉपमध्यें सांठलें होतें. त्या चौघींपैकीं आज एकच हयात आहेत. गेल्या वर्षीं आषाढांत यंत्र सुरू व्हावयास दहा दहा मिनिटें लागूं लागलीं, आणि आंतून मधूनमधून टक् टक् असा आवाज येऊं लागला.

"चालतंय ना? मग उघडायचं कशाला?" हें काकांचें मत. दुकानदारानें नवें यंत्रच घेण्याचा सल्ला दिला. आमची धाकटी सून संगणकाच्या व्यवसायांतली. ती म्हणाली, "काका, यंत्र कधींही विकत मिळेल. आत्यांचा आवाज कुठून आणायचा? आधीं तो बाहेर काढूं द्या." काका यावर कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं लॅपटॉप तिच्यापुढें सरकवला.

या डिस्कमधील चकती मिनिटाला 5400 फेरे घेते. तिच्यावरील मजकूर वाचणारें टोंक चकतीला न टेकतां, केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावर तरंगत असतें. चालू यंत्र झोपाळ्यावरून उचलून माजघरांत नेतांना बसलेला एकादा धक्काही त्याला पुरतो. मग टोंकाला आपली जागा सांपडेनाशी होते. तें पुन्हा पुन्हा मागें जातें, आणि तोच तो आवाज. अशा डिस्कची घटका केव्हां भरेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून सुनेनें तपासण्या व दुरुस्त्या करण्यांत वेळ न दवडतां प्रथम आत्यांच्या हकीकती, मग पत्रें, आणि शेवटीं बाकीचें सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलें. दोन पत्रांचीं छायाचित्रें कांहीं केल्या वाचलीं गेलीं नाहींत. सुदैवानें मूळ पत्रें सांगलीस होतीं.

पुढचें काम अर्ध्या तासाचें. बॅटरी सोडवून, चार स्क्रू काढून अडीच इंची डिस्क बाहेर घेतली आणि त्याच जागीं एसएसडी बसविली. हिच्यांत फिरणारें कांहींच नसतें. मजकूर विद्युद्भाराच्या रूपानें सांठविलेला असतो. तेंच जुनें यंत्र आतां अर्ध्या मिनिटांत सुरू होतें. मात्र कित्येक नव्या, पातळ लॅपटॉपांत ही स्मृति मुख्य फळीवरच डकविलेली असते, व ती बदलतां येत नाहीं. ज्यांना पुढें बदल करावयाचा असेल त्यांनीं खरेदीपूर्वीं हें पाहून घ्यावें.

1956 सालीं आय.बी.एम. कंपनीनें हार्ड डिस्कचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या मिळून सुमारें 50 लक्ष अक्षरें मावत. आमच्या नव्या एसएसडीत त्याच्या लक्षपट मावतात. पण मावणें निराळें आणि टिकणें निराळें. एसएसडी बिघडते तेव्हां बहुधा टक् टक् सुद्धां करीत नाहीं, आणि विजेवांचून फार काळ कपाटांत पडून राहिली तर तिच्यांतील मजकूर पुसट होऊं शकतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं 1898 सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शंभराहून अधिक वर्षें राहिलेल्या कागदांच्या बळावर. तेवढी उपेक्षा सोसण्याची ताकद आपल्या डिस्कांत नाहीं. दासबोधांत समर्थांनीं लेखनक्रियेवर एक संबंध समास खर्ची घातला आहे. पोथी जगते ती नकलेनें, हें त्या काळीं मठामठांतून ठाऊक होतें. आपल्या घरांतून तें पुन्हा शिकावयास हवें.

आतां आमच्याकडे तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपांत, दुसरी कपाटांतील डिस्कवर, आणि तिसरी काकांच्या लेकीकडे पुण्यास. दहिसर नदीच्या आसपास राहणारांना 26 जुलै 2005 चा पूर आठवत असेल. दोन्ही प्रती एकाच घरांत असल्या तर त्या एकदमच बुडावयाच्या. जुनी डिस्क काकांनीं भंगारांत घालूं दिली नाहीं, आणि तें योग्यच झालें. कारण पुसलेला मजकूरही जाणता मनुष्य पुष्कळदां परत काढूं शकतो.

दर दसऱ्यास सरस्वतीपूजनानंतर तिन्ही प्रती ताज्या करून उघडून पाहावयाच्या, असें ठरलें आहे. पहिल्याच दसऱ्यास हयात असलेल्या आत्यांना त्यांचीच हकीकत ऐकविली. त्या शांतपणें ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "अरे, इंदूरच्या काकूंचं नांव राहिलंच कीं यांत. लिहून घे."