बांधावरची जाळी

जोयडा तालुक्यातील आमच्या भातशेतीत एका वर्षी तपकिरी तुडतुडे पडले. मी घाईने औषध फवारले. थोड्याच दिवसांत ते पूर्वीपेक्षा अधिक आले. आई म्हणाली, "पुता, कोळ्यांची जाळी कुठे दिसत नाहीत ती?" तुडतुडे खाणारे कोळी मीच मारले होते! शिवाय जे तुडतुडे विषालाही पुरून उरतात, त्यांचाच वंश वाढतो. १९७३ साली फिलिपाइन्समध्ये तुडतुड्यांना दाद न देणारे 'आयआर २६' भात आले. परंतु दोन-तीन वर्षांतच त्यावर पोसणाऱ्या तुडतुड्यांच्या पिढ्या निपजल्या. विद्यार्थिमित्रांनो, कीड पिढीगणिक पालटते. म्हणून शेताचे रखवालदार आपण राखावेत. फवारणी सोडल्यापासून आमच्या बांधावर दवाने भिजलेली जाळी पुन्हा चमकू लागली आहेत.