रहीम मास्तर

सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ साली ‘मैदान’ सिनेमामुळे घरोघरी पोचलं. भारतीय फुटबॉल संघाचे हैदराबादी प्रशिक्षक, एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचं शाळामास्तर असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बी.एड. करून उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला तसं वाटणारच म्हणा!

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठात तेव्हा पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून मिळायचं. तिथेच ते शिकले, तिथल्याच संघातून खेळले. बी.ए. झाल्यावर काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांत शिकवलं, पुढे व्यायामशिक्षण घेतलं. मग हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती आला आणि त्या संघाने मुंबईत रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग ५ वर्षं जिंकला.

त्यांची एक पद्धत मला फार आवडते. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाच्या खेळाडूने डावाच वापरायचा. दुसऱ्या काही स्पर्धांत चेंडू पायात खेळवत न्यायलाच मनाई, पास द्यायचाच. पोरं धडपडली असतील, चिडली असतील. पण एकाच पायावर खेळणाऱ्याला समोरचा लगेच ओळखतो.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी हा असाच कमजोर पाय आहे. बजाजनगरात राहायचं, वाळूज एमआयडीसीत काम शोधायचं, आणि अर्ज भरताना किंवा सुपरवायझरशी बोलताना गप्प व्हायचं. घरचे म्हणतात, “जाने दो सर, पास होने पुरती आली की बस.” मला ते पटत नाही. आठवड्यातला एक तास मी ‘डाव्या पायाचा’ ठेवलाय. त्या तासाला उर्दूवाल्यांनी मराठीच बोलायचं, आणि उर्दू शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी उर्दूच. हसणं होतं, लिंगांचा घोळ होतो. होऊ दे.

रहीमसाहेबांच्या वाट्यालाही फजिती आली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

पुढची तारीख आपण मराठवाड्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ हरवलं. त्यातले ३ गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझाचे. राज्याच्या सीमा बदलत होत्या, पण हैदराबादी मास्तर आणि मुंबईचा गोवेकर पोरगा यांचं मैदानावर जमलं होतं. भारत तेव्हा चौथा आला.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर पहिलाच सामना दक्षिण कोरियाने जिंकला. अंतिम फेरीत पुन्हा तेच समोर, आणि राजकीय वादामुळे प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले. बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, चक्क आघाडीला खेळवलं. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा जर्नैलसिंगने! ४ सप्टेंबरला भारताने २-१ ने सुवर्णपदक जिंकलं.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम वायुदलात अधिकारी होते, फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंचही झाले. त्यांना २०१७ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला.